‘शेगार’ शब्दाची तिसरी साक्ष

नाडकर्णी,

परवा तुमच्या अस्थी वैनगंगेत सोडल्या. घाटावर तुमचा मुलगा, तुमची पत्नी, लालबर्‍याचे मेश्राम आणि मी, एवढीच माणसे होतो. ज्या मासिकात तुमच्या शब्दचर्चा छापून येत, त्याच्या संपादकांनी तुमच्याविषयी लिहून मागितले आहे. जन्मस्थान, शिक्षण, नोकऱ्या, ग्रंथसंपदा असा तपशील त्यांना हवा आहे. तो त्यांनी दुसऱ्या कोणाकडून घ्यावा. मला तुमच्याशी चाललेला एक वाद पुरा करायचा आहे. तो तुम्ही अर्धवट टाकून गेलात. अर्धवट टाकून जाण्याची ही तुमची दुसरी वेळ.

गावात तुम्हाला ‘पुर्तगाली मास्तर’ म्हणत. गोव्याचा माणूस मँगनीजच्या खाणीवर हिशेबनीस म्हणून येतो, ती नोकरी सोडून शाळेत इंग्रजी शिकवू लागतो, याचा अर्थ बालाघाटात कोणाला लागत नव्हता. मलाही लागला नव्हता. एके दिवशी नकाशांच्या कपाटाची चावी हरवली. आपला शिपाई शिक्षकांच्या खोलीत येऊन ओरडू लागला, “चावी कोन नेली? आँ? चावीले काय पाय फुटले?”

तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालात, “पोर्तुगीजांनी आणून दिलेली वस्तू आहे बाबा. ते परत नेणार नाहीत. नीट शोध.”

सगळे हसले. मी संस्कृत शिकवणारा माणूस; मी पुरावा मागितला. तुम्ही सांगितलेत की मूळ लॅटिन ‘क्लाविस’, त्याचे पोर्तुगीजमध्ये झाले ‘शाव्ह’. मी म्हणालो, “मग आमच्याकडे ‘शावी’ का नाही? च कुठून आला?” तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र खाली ठेवलेत. कोणीतरी योग्य प्रश्न विचारावा म्हणून बरीच वर्षे थांबलेल्या माणसाचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला.

“शब्द इथे आला तेव्हा तेही च म्हणत होते, शास्त्रीबुवा. मागाहून लिस्बनात च झिजून श झाला. त्यांचा जुना उच्चार त्यांच्याकडे उरला नाही. तो तुमच्या शिपायाच्या तोंडात आहे.”

मी आयुष्यभर व्याकरण शिकवले. पण रोजच्या वापरातल्या लोखंडाच्या तुकड्यात चारशे वर्षांपूर्वीचा एक ध्वनी जपलेला असू शकतो, हे मला तुम्ही दाखवलेत. याबद्दलचे आभार मी कधी मानले नाहीत. इथे मानतो.

त्यानंतर रविवार ठरले. तुम्ही माझ्याकडे यायचे, एक शब्द आणायचा. माझे वडील कचेरीत रीडर होते, न्यायाधीशापुढे साक्षींचे कागद वाचणारे; एका साक्षीदारावर ते कधी विश्वास ठेवत नसत. त्यांची ती सवय मी शब्दांना लावली. तुम्ही म्हणाल ते रूप खरे मानायचे, तर तसाच बदल झालेले तीन शब्द आणायचे. तीन साक्षी मिळेपर्यंत शब्द असिद्ध. तुम्ही हसायचात. “इन्क्विझिशन याहून सौम्य होते, शास्त्रीबुवा.” परंतु पुढच्या रविवारी तीन शब्द घेऊन येत होतात.

एका रविवारी पोर्तुगीजांचा ‘शेगार’ आणलात. शेगार म्हणजे पोचणे, येऊन ठेपणे. लॅटिन ‘प्लिकारे’पासून आले, असे तुमचे म्हणणे. ध्वनींचा निकाल त्याच बैठकीत लागला. प्ल चा श होतो याला तुम्ही ‘प्लुविया’चे ‘शूवा’, म्हणजे पाऊस, ‘प्लोरारे’चे ‘शोरार’, म्हणजे रडणे, आणि ‘प्लेनुस’चे ‘शेयू’, म्हणजे भरलेला, असे तीन साक्षीदार उभे केलेत. प्लेनुस हा आमच्या ‘पूर्ण’चा भाऊबंद, म्हणून त्याला मी पाणीही विचारले. क चा ग होण्यालाही आक्षेप नव्हता. अडले ते अर्थापाशी. ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणे. घडी घालण्याचा पोचण्याशी काय संबंध?

“जहाज बंदराला लागले की खलाशी शिडाची घडी घालतात,” तुम्ही म्हणालात. “घडी घातली म्हणजे पोचले.”

मी म्हणालो, “आमच्याकडे गाशा गुंडाळतो तो निघतो. तंबूची घडी पडते ती मुक्काम हलताना. घडी घालणे ही जाण्याची खूण आहे, नाडकर्णी. येण्याची नव्हे.”

“तुम्ही जमिनीवरची माणसे.”

“मग तुम्ही इथे कशाला आलात?”

शीड ही एक साक्ष मी नोंदवून घेतली. आणखी दोन हव्या होत्या.

दुसरी तुम्ही पावसाळ्यात आणलीत. चिखलातून शाळेत शिरलात, दारात उभे राहून छत्री झटकलीत, मिटलीत आणि सर्वांसमक्ष मला म्हणालात, “शास्त्रीबुवा, मी पोचलो हे तुम्हाला कशावरून कळले?”

“चिखलावरून,” मी म्हणालो.

“छत्री मिटली त्यावरून! मिटलेली छत्री म्हणजे आलेला माणूस. घ्या लिहून.”

मी ती साक्ष फेटाळली. छत्री मिटतात, तिची घडी घालत नाहीत. क्रिया भिन्न आहे. तुम्ही चिडलात. दोन रविवार आला नाहीत. तिसऱ्या रविवारी सुकी सुपारी घेऊन आलात आणि दुसऱ्याच शब्दावर बोलू लागलात. ‘शेगार’ असिद्धच राहिला.

यानंतर छप्पन साल आले. ते तुमच्यासमोर पुन्हा मांडणे मला भाग आहे. नागपूर मुंबई राज्यात गेले. आपण भोपाळच्या राज्यात उरलो. आमच्या गल्लीतली निम्मी घरे कचेरीची होती. त्यांनी बदल्या मागून घेतल्या. बैलगाड्यांतून पाट, पिंपे, देव्हारे स्टेशनकडे निघाले. मीही विचार करत होतो. भंडाऱ्याच्या एका शाळेने मला विचारले होते. तुम्ही घरी आलात आणि बसलाही नाहीत. उभ्यानेच म्हणालात, “जाणाऱ्यांना जाऊ द्या. मराठी वर्ग चालवायला दोन माणसे पुरतात. मी राहणार. तुम्ही?”

ही सूचना तुमची होती, नाडकर्णी. मी केवळ होकार दिला. माझा होकार मी पाळला.

शाळेतल्या त्या मराठी माध्यमाच्या वर्गांना मुले कोण पाठवील, याचा आपला अंदाज साफ चुकला. जे वकील, कारकून आणि डॉक्टर सभांतून मराठीच्या नावाने गळा काढत, त्यांनी आपली मुले हिंदीत घातली. “मास्तर, पोराला उद्या भोपाळात नोकरी करायची आहे,” असे ते चहा पाजून सांगत. वर्ग भरला तो त्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्या कुटुंबांच्या मुलांनी. लालबर्‍याच्या धानगिरणीत काम करणारे मेश्राम तीनएक वर्षांनी आपल्या मुलीला, सुजाताला, सायकलीच्या दांडीवर बसवून इथे घेऊन आले आणि बहिणीच्या घरी शिकायला ठेवून गेले. ते तुमच्या टेबलापाशी उभे होते. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत. ते संकोचाने टेकले.

“लालबर्‍यात शाळा आहे की,” तुम्ही विचारलेत. “इतक्या लांब काहून आणली?”

तुमच्या तोंडी ‘काहून’ ऐकून ते हसले आणि मोकळे झाले. “तिथं हिंदीच हाय, मास्तर. आमच्या घरी आता पुस्तकं आली. नागपूरहून आनली. सारी मराठीत. मले अक्षर लागत नाही. पोरीले मराठी आली त घरात वाचून दाखवनारं कोनी राहीन.”

आमच्या वर्गाचे याहून चांगले प्रयोजन मला कोणी सांगितले नाही. तुम्हीही त्या संध्याकाळी तसेच म्हणाला होता.

पुढे गोवा मुक्त झाला. दुसऱ्या दिवशी मुलांनी तुम्हाला वेढले. “मास्तरजी, अब तो आप भी आज़ाद हो गए! मिठाई?” तुम्ही खिशातले सगळे पैसे पेढ्यांवर घातलेत. वाटांवर नाकेबंदी असल्याने तुम्ही कित्येक वर्षे घर पाहिले नव्हते. आई तुमच्या माघारी गेली होती. तुमचा आनंद मला समजला. पेढा मी खाल्ला.

वर्षभराने तुम्हाला तिकडून बोलावणे आले. जुने पोर्तुगीज कागद वाचू शकणारी माणसे नव्या सरकारला हवी होती. ही बातमी मला मुख्याध्यापकांकडून कळली. बोलावणे आल्याचे आणि आपण होकार दिल्याचे तुम्ही त्यांना सांगितलेत, मुख्याध्यापकांनी मला विचारले, “आता तुमचं कसं?” आणि मी म्हणालो, “कशाचे कसे?” एवढी शोभा माझी झाली. तुम्ही आलात ते रविवारी. नेहमीप्रमाणे.

“जावे म्हणतो,” तुम्ही म्हणालात.

“म्हणत नाही आहात. ठरवून आला आहात.”

“घर आहे माझे ते, शास्त्रीबुवा.”

“आणि हे काय होते?”

तुम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलात.

“वर्गाचे काय?” मी विचारले.

“वर्ग तुम्ही चालवाल. तुम्ही आहात ना.”

दोन जागा मंजूर होत्या. एक रिकामी झाली की वरचे लोक ती पुन्हा भरणार नाहीत आणि एका शिक्षकावर वर्ग चालू देणार नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होते. त्यासंबंधीची पत्रे तुमच्याच हस्ताक्षरात जात असत. मेश्रामांना कळले तेव्हा ते गिरणीवरून तसेच आले. अंगावर कोंडा होता. “मास्तर, तुमी चालले म्हन्ते? सुजीची चौथीच हाय अजून.” तुम्ही त्यांचा हात धरलात आणि म्हणालात, “मी परत येईन.” मी समोर उभा होतो. इतक्या वर्षांत पुराव्याशिवाय तुम्ही केलेले ते पहिले विधान.

जून महिन्यात वर्ग बंद झाला. बाके दुसरीकडे गेली. त्या खोलीत आता खेळाचे सामान आणि मोडक्या खुर्च्या आहेत. नकाशांच्या कपाटाची चावी मात्र मुख्याध्यापकांनी मला ठेवू दिली. कपाट वाळवीने खाल्ले.

दहाएक वर्षांनी तुम्ही आलात. मलाजखंडला तांब्याच्या खाणीची तयारी सुरू झाली, तुमच्या मुलाला तिथे नोकरी लागली, त्याने इथे घर घेतले आणि आईवडिलांना आणले. गावाने म्हटले, पुर्तगाली मास्तर वचनाला जागले. मी तसे म्हटले नाही. मुलाच्या नोकरीने आलेला माणूस वचनाने येत नसतो. पहिल्याच रविवारी तुम्ही दारात उभे होता. सुकला होता. धाप लागत होती. मी ‘या’ म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

रविवार पुन्हा सुरू झाले. बाकी काही सुरू झाले नाही. आपण शब्दांवर बोलत असू आणि त्या वर्षांवर बोलत नसू. मी एकदाच विचारले, “मेश्रामांकडे जाऊन आलात?”

“जाईन,” तुम्ही म्हणालात.

लालबर्‍याची बस तुमच्या घरावरून जाते. तुम्ही गेला नाहीत.

मागच्या हिवाळ्यात मात्र तुम्ही फार खुशीत आलात. गोव्याच्या ग्रंथालयात वाचलेले काही तुम्हाला आठवले होते. “शास्त्रीबुवा, ‘प्लिकारे’चा निकाल लागला! रोमन साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रुमानियात, याच क्रियापदाचा अर्थ काय झाला ठाऊक आहे? निघून जाणे. तिथे समुद्राकाठचे लोक नव्हते, शिपाई होते. शिपायांनी तंबूची घडी घातली की छावणी हलली. म्हणजे तुम्हीही खरे आणि मीही खरा. शब्द एकच. किनाऱ्यावर त्याचा अर्थ आला, जमिनीवर त्याचा अर्थ गेला.” तुम्ही माझ्याकडे पाहत होता. “आपण दोघेही चुकलो नव्हतो,” तुम्ही पुन्हा म्हणालात.

तुम्ही रुमानियाविषयी बोलत नव्हता, हे मला कळले. तुमच्याहून अधिक कळले, असेही म्हणेन. मी उत्तर दिले, “शब्दात तडजोड होऊ शकते. दोन जागांच्या मंजुरीत होत नाही.”

तुम्ही म्हणालात, “चहा तरी सांगा.” मी सांगितला. तो निम्मा टाकून गेलात.

हे वाक्य मी मागे घेणार नाही. ते खरे होते. तुम्हाला ते मान्य होते म्हणूनच तुम्ही चहा मागितलात. परंतु माणूस आपले म्हणणे घेऊन येतो तेव्हा त्याने ते उघड बोलावे. ‘मी वर्ग सोडून गेलो, ते चुकले’ एवढे सहा शब्द तुम्हाला तीन भाषांत बोलता येत होते. तुम्ही लॅटिन बोललात.

त्यानंतर तुम्ही अंथरूण धरलेत. मी रोज येत होतो. आपण फारसे बोललो नाही.

तुम्ही गेलात त्याच दिवशी गोव्याहून तुमच्या भावाची तार आली: अस्थी घेऊन या, आपल्या नदीत, आपल्या कुळाच्या जागी सोडू. तुमचा मुलगा तार हातात घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. तो लहानाचा मोठा झाला बालाघाटातच, त्याला आपली मराठी अर्धी येते, कोकणी पाव, हिंदी पूर्ण. “काका, आप ही बताइए। चाचा म्हणतात घरी आणा. घर कौन-सा?”

हा प्रश्न मी तुम्हाला खिडकीपाशी विचारला होता. तुम्ही त्याचे उत्तर दिले नव्हते. आता ते तुमच्या वतीने मी द्यावे, अशी अपेक्षा होती. मी म्हणालो, “तुझ्या आईला विचार.”

तुमच्या पत्नीने डोळे पुसले नाहीत. त्या म्हणाल्या, “भावजी, त्यांनी मला केव्हाच सांगून ठेवले आहे. वैनगंगेत. मी विचारले, गोव्यात का नको? म्हणाले, तिथून एकदा निघालो तो इथे पोचलो. इथून निघालो, तो कुठेच पोचलो नाही.”

तुम्ही हे माझ्याशी बोलला असतात, तर मी काहीतरी बोललो असतो. काय, ते मला माहीत नाही.

घाटावर मेश्राम आले. त्यांना कोणी कळवले, ठाऊक नाही. गिरणी सुटली आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, नातवाने धरून आणले. मी विचारले, “सुजाता कशी आहे?”

“शिवनीले दिली. दोन लेकरं. हिंदीच बोलतेत.”

“पुस्तके?”

“हायेत पेटीत. तिले वाचता येते, मास्तर, पन अडखळते. मंग ठेवून देते. मी म्हनतो, राहू दे माय.”

माझ्या तोंडून गेले, “नाडकर्णींमुळे.”

मेश्रामांनी आपले ते पांढुरके डोळे माझ्याकडे वळवले. “असं काहून म्हनता, मास्तर? परत त आले न ते. तुमच्या गल्लीतले येवढे गेले नागपूरले, मुंबईले. आला काय एक तरी?”

“तुम्हाला भेटायलाही आले नाहीत ते.”

“लाज वाटत असन,” मेश्राम म्हणाले. “लाज वाटनारा मानूस होता तो. बाकीच्याइले तेवढीही नाही वाटत.”

मग तुमचा मुलगा पाण्यात उतरला. घरापासून घाटापर्यंत तुमच्या अस्थींचे मडके एका पांढऱ्या पंच्यात बांधलेले होते. दोन टोके त्याच्या खांद्याला होती, वाऱ्याने पंचा फुगत होता. पाण्यात त्याने गाठ सोडली, मडके उपडे केले, ते प्रवाहात सोडून दिले. पंचाही सोडायचा असतो. त्याला ते माहीत नव्हते, आणि आम्ही कोणी सांगितले नाही. तो काठावर आला. त्याने पंचा पिळला. झटकला. मग दोन टोके दोन टोकांना जुळवली, पुन्हा जुळवली, हाताने सारखी केली, आणि त्याची नीट घडी घालून ती आईच्या हातात दिली.

“पहुँचा दिया, आई,” तो म्हणाला.

मी हे प्रत्यक्ष पाहिले. म्हणून निकाल लिहिणे मला प्राप्त आहे. शीड ही पहिली साक्ष. ती पूर्वीच नोंदली आहे. छत्रीची साक्ष मी क्रियाभेदाच्या कारणाने फेटाळली होती. मिटणे आणि घडी घालणे यांत एवढे अंतर नाही. ती आज दाखल करून घेतो. पंचा ही तिसरी. ‘प्लिकारे’पासून ‘शेगार’, ध्वनीसह आणि अर्थासह: सिद्ध.

तुमचे वर्ग सोडून जाणे क्षम्य होते, हे मात्र असिद्ध. ज्यांचे त्यात सर्वाधिक नुकसान झाले, त्यांनी तुमच्या बाजूने साक्ष दिली आहे. तीही मी नोंदवून घेतली आहे. पण ती एक झाली.

वाद संपला, नाडकर्णी. उद्या रविवार आहे.